हाड, हुर्र, शुक् शुक्

जानेवारीत मंगळवेढ्याच्या बाजूला जाणं झालं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मालदांडी ज्वारी पुरुषभर उंच उभी होती, कणसांत दाणा भरत होता. पाय मोकळे करायला गाडीतून उतरलो, तर शेतातून कुणीतरी ओरडलं, ‘हाऽऽ हुर्रऽऽ... हाऽऽ!’ तरुण, दमदार गळा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्याच सुरात, त्याच जागी श्वास घेऊन. दोन-चारदा ऐकल्यावर संशय आला आणि नीट पाहिलं. बांबूच्या टोकाला भोंगा बांधलेला होता आणि खाली पोत्याआड बॅटरी. शेतात कुणीच नव्हतं. शेताचा मालक बांधावरच्या बाभळीखाली बसून तंबाखू मळत होता.

“आवाज कुणाचा हो?”

“थोरल्याचा. पुण्याला असतोय कंपनीत. दिवाळीला आला तवा मोबाइलात भरून दिला. माझा घसा बसतोय आता.” तंबाखूची चिमूट ओठाखाली गेली. “पाखरं दोन दिवस भ्याली. आता वळखत्यात त्याला.”

थोरला शेतातून पुन्हा ओरडला. म्हाताऱ्याने तिकडे मान वळवली नाही, पण मला वाटलं, ऐकतोय.

पूर्वी या दिवसांत शेतात माळा असायचा आणि माळ्यावर माणूस. हातात गोफण, कमरेला गुंड्यांची झोळी. गोफण फिरली की आधी दोरीचा सूं आवाज, मग सुटताना चाबकासारखा फटका, आणि दगड पडायच्या आधीच थवा उठायचा. गोफणगुंडा पाखराला लागत नाही आणि लागावा अशी अपेक्षाही नसते. तो नुसता निरोप असतो. या कामाला तिकडे ‘पाखरं राखणं’ म्हणतात. राखायची असते ज्वारी, पण बोलताना राखली जातात पाखरं. बोलणाऱ्यांना यात काही चुकलंय असं वाटत नाही. मलाही आता वाटेनासं झालंय.

परतल्यावर मोल्सवर्थचा कोश काढून बसलो. १८३१ साली पहिल्यांदा निघालेला आणि १८५७ मध्ये वाढवून पुन्हा छापलेला हा कोश मी कामासाठी फार कमी उघडतो. एक शब्द पाहायला जावं आणि संध्याकाळ व्हावी, असं ते पुस्तक आहे. त्या संध्याकाळी ‘हाक’पासून सुरुवात केली. हाक मारली की माणूस जवळ येतो. त्याच हाकेचं ‘हाकणं’ झालं की बैल पुढे चालू लागतो, आणि त्यात एक ‘ल’ शिरून ‘हाकलणं’ झालं की समोरचा दूर जातो. ये, चल, चालता हो. तिन्ही आज्ञा एकाच घरातल्या. कुणी म्हणेल की यात नवल ते काय, गुराख्याला तिन्हींसाठी एकच तोंड असतं. खरंच आहे. रानात उभा राहून तो ओरडतो तेव्हा त्या ओरडण्याचा अर्थ गाय ठरवते.

शिकारीतला ‘हाका’ तर याहून लबाड. संस्थानी काळात डबे, ढोल, आरोळ्या घेऊन हाकारे जंगल घेरायचे आणि जनावर पळायचं ते नेमकं मचाणाच्या दिशेने. आपण सुटलो असं त्या जनावराला शेवटपर्यंत वाटत असणार. मागून हाकलणं आणि पुढून बोलावणं एकाच वेळी चाललेलं असायचं, फक्त बोलावणारा गप्प बसलेला.

आमच्या घरी कुत्र्याला ‘हाड’ होतं, कोंबड्यांना ‘हुश्’, पाखरांना ‘हुर्र’ आणि मांजराला ‘शुक् शुक्’. लहानपणी मला हे प्राण्यांच्या भाषेतले शब्द वाटायचे. कुत्र्याला ‘हुश्’ म्हटलं तर तो नुसता बघत राहायचा, यावरून माझी खात्रीच पटली होती. पुढे शहरात आलो आणि फुटपाथवरून चालताना मागून कुणीतरी ‘शुक् शुक्’ केलं. मी वळून पाहिलं. वळल्यावर मनात आलं, मांजर असतो तर एव्हाना भिंतीवर असतो. आणि ‘शुकशुकाट’? तो या ‘शुक् शुक्’चा कोण लागतो, हे कुठे पाहायला मी गेलो नाही. मनाशी मात्र ठरवून टाकलंय की सगळ्यांना शुक् शुक् करून झाल्यावर अंगणात जे उरतं, ते हेच.

हाकलण्याच्या शब्दांचं कुटुंब मोठं आहे आणि एकाचं काम दुसरा करत नाही. हुसकायचं ते दडून बसलेल्याला, माळ्यावरच्या उंदराला किंवा सरपणातल्या विंचवाला. पांगवायचं ते जमावाला. पिटाळण्यात घाई आहे, पण रागच असेल असं नाही. आई पोराला साखर आणायला पिटाळते आणि तो साखर घेऊन परत येतो, निदान बरीचशी. झिडकारणं हाताने होतं, धुडकावणं बहुधा तोंडाने किंवा कागदावर. ‘घालवणं’ या शब्दापुढे मी सगळ्यांत जास्त रेंगाळतो. दुखणं घालवतात, भूत घालवतात, हातची नोकरी घालवतात, अख्खी दुपार घालवतात. आणि आमच्या दक्षिणेकडे पाहुणा निघाला की त्याला एष्टी स्टँडपर्यंत ‘घालवायला’ जातात. पिशवी आपल्या हातात घ्यायची, खिडकीशी उभं राहायचं, गाडी हलली तरी दोन पावलं तिच्याबरोबर चालायचं. पुण्याच्या एका स्नेह्यांना मी म्हणालो होतो, “चला, तुम्हाला घालवून येतो.” ते जरा दचकले होते.

या सगळ्या गोतावळ्यात एक शब्द मवाळ आहे आणि आता ऐकूही कमी येतो. ‘वारणं.’ माशा वारणं, चवरी वारणं. तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसून आजी पदराने माशा वारायची. हात सावकाश इकडून तिकडे. मारायची इच्छा नाही, ओरडणं नाही, माशी जाऊन परत येणार हे मान्य करूनच सुरू केलेलं काम. पालखीपुढे देवावर चवरी ढाळतात तीही मुळात हीच असणार. देवालाही माशा बसतात, हे कुणीतरी एकदा लक्षात घेतलेलं दिसतं. ‘निवारण’ त्याच घरचं, पण ते शिकून सवरून कचेरीत गेलं. तिथे आता तक्रारींचं होतं.

मंगळवेढ्याच्या त्या भोंग्याचा मुख्य रोख भोरड्यांवर होता. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही साळुंकीची नातलग हिवाळ्यात हजारोंनी येते. संध्याकाळी सोलापूरकडच्या आभाळात तिचे थवे गिरक्या घेतात, तेव्हा बघणाऱ्याचं भान जातं. शेतकऱ्याचं दुसरं काही जातं. ती मूळची मध्य आशियाकडची. तिकडे उन्हाळ्यात विणीला असताना ती टोळ आणि नाकतोडे फस्त करते, म्हणून चीनच्या शिनजियांग भागात तिच्यासाठी दगडविटांची घरटी बांधून ठेवतात. पीक राखायलाच. तेच पाखरू, तीच चोच. एका शेतावर तिला राखणदार म्हणून बोलावलं जातं आणि दुसऱ्यावर तिच्यासाठी राखणदार बसवला जातो. वाटेत कुठल्या डोंगरावर तिचं हे पद बदलतं, ते तिला कळत नसावं.

राखणीला बसून पाखरं न उडवणारा आपल्याकडचा सर्वांत मोठा माणूस म्हणजे तुकोबा. शेत राखायला बसवलं, तर पाखरांना उडवावं कसं म्हणून ते स्वस्थ भजन करत राहिले आणि पाखरं कणसं खात राहिली, अशी गोष्ट सांगतात. मालक आला, संतापला, प्रकरण पंचांपर्यंत गेलं, आणि शेवटी मळणीला धान्य नेहमीपेक्षा जास्त भरलं. गोष्ट सांगणारे इथे हात जोडतात. मीही जोडतो. पण मला त्या मालकाचं वाईट वाटतं. धान्य भरायच्या आधीची ती एक संध्याकाळ त्याने कशी काढली असेल? त्याच्या बाजूने आजवर कुणी कीर्तन केलेलं नाही.

कावळ्याचं प्रकरण वेगळंच. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळत घातले की आत्या काठीला काळं फडकं बांधून ती कठड्याला लावायची. मेलेला कावळा टांगलाय असं इतर कावळ्यांना वाटावं म्हणून. शिवाय आम्हा पोरांना पाळीपाळीने बसवायची. कावळा दिसला की ‘हाड, हाड’. त्याच आत्याला आजोबांच्या दहाव्याला नदीच्या घाटावर पाहिलं. पिंड ठेवले होते आणि कावळा येऊन लांब पिंपळावर बसला होता. खाली उतरेना. आत्याने हात जोडले, धाकट्या काकाच्या लग्नाचं आम्ही बघू म्हणाली. कावळा बसूनच. विहिरीचा वाटा कोर्टात नेणार नाही, हे मोठ्या काकांनी सांगितलं. कावळ्याने चोच घासली. कुणीतरी तपकिरीची डबी आणून पिंडाशेजारी ठेवली. सगळे वर बघून ‘काव काव’ करत होते, त्यात एक निवृत्त मुख्याध्यापकही होते. कावळे माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात, असं मी पुढे कधीतरी वाचलं. तेव्हा मला आत्या आठवली आणि कावळ्याचं ते अडून बसणं आठवलं. वाळवणाच्या हिशेबातलं काही बाकी असावं.

जे घालवायचं त्याला नाव काय द्यायचं, यात आपली माणसं फार सावध होती. दारिद्र्याला ‘अक्काबाई’ म्हणतात. लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, म्हणून अक्का. वर आणखी बाई. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवत, केर काढत तिला घराबाहेर करायचं, याला पोथीतलं नाव ‘अलक्ष्मी निःसारण’. ज्या केरसुणीने तिला बाहेर काढायचं, तिला त्याच दिवशी हळदकुंकू. तिला लक्ष्मी म्हणायचं, पाय लागला तर नमस्कार करायचा. पटकी आणणारी ती मरीआई. अंगावर फोड उठवणारी ती नुसती ‘देवी’. इतक्या आया, अक्का आणि बाया घालवत आपण इथवर आलो. ज्याची भीती वाटते त्याला नात्याने हाक मारून, साडीचोळी देऊन, ओटी भरून वाटेला लावायचं. ज्याची भीती नाही त्याला ‘हाड’.

मरीआईचा गाडा हे त्या वाटेला लावण्याचं सगळ्यांत ठसठशीत रूप. पटकीची साथ आली की लहानसा लाकडी गाडा करायचे, त्यात देवी बसवायची, नैवेद्य आणि लिंबं ठेवायची, वाजतगाजत शिवेवर न्यायचा आणि पलीकडे सोडून मागे न बघता परतायचं. शिवेपलीकडे अर्थातच दुसरं गाव असे. त्या गावची माणसं सकाळी उठून गाडा बघत, हबकत आणि तो आणखी पुढच्या शिवेपर्यंत ओढत नेत. काही ठिकाणी शिवेवर रात्रीचा पहाराही बसायचा, शेजाऱ्यांची देवी आपल्यात येऊ नये म्हणून. आईला असं गावोगाव ढकललेलं आहे.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, असं सांगतात. प्रचंड बायकी पुतळे, सोबत बडगे नावाचे पुरुषी पुतळे. बडग्यांच्या गळ्यात त्या त्या वर्षीची दुखणी लिहिलेली, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत. इतवारीच्या गल्ल्यांत माणसांचा लोट आणि एकच आरोळी, ‘घेऊन जा गे मारबत!’ रोगराई घेऊन जा, ढेकूण-पिसवा घेऊन जा. मला या आरोळीतला ‘गे’ आवडतो. जाळायला निघालेल्या बाईला इतक्या जवळिकीने कोण बोलतं? कुठे घेऊन जा, हे मात्र आरोळीत नाही. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत पोरं पळसाच्या फांद्या घेऊन हीच आरोळी ठोकत शिवेपर्यंत जातात. त्याच सकाळी पलीकडच्या गावाची पोरं अलीकडे येत असतात.

सरकारनेही शीव सोडलेली नाही. ‘तडीपार’ हा शब्द मला थेट नदीकाठी नेतो. तड म्हणजे काठ. गुंडाला काठापलीकडे सोडून यायचं. आता काठाच्या जागी जिल्ह्याची हद्द आली आणि गाड्याच्या जागी नोटीस. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा, आणि त्याखाली फार तर दोन वर्षांसाठी असं बाहेर काढता येतं. म्हणजे शेजारच्या जिल्ह्याने दोन वर्षं सांभाळायचा. नोकरीतल्या माणसासाठी आपण जास्त हौशी शब्द केले. गच्छंती, उचलबांगडी, डच्चू. आणि नारळ देणं! शुभकार्याचं फळ हातात ठेवून माणसाला दाराबाहेर काढायची ही कल्पना ज्या कुणाला सुचली, त्याला मरीआईचा गाडा ठाऊक असला पाहिजे.

पण ‘हाड’ हे कुत्र्यासाठीच राहिलं असतं तर बरं झालं असतं. ते माणसांना म्हटलं गेलं, पिढ्यान्‌पिढ्या. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीशी, ओसरीच्या खाली. साडीचोळीवाचून, नातं न लावता. १८७१ पासून इंग्रजांच्या कायद्याने तर जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पाल कुठे ठोकायचं, किती दिवस राहायचं, हजेरी कुठे द्यायची, सगळं पोलीस पाटलाच्या हाती गेलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा सुटला, शिवेवरची नजर सुटली नाही. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं. गाढवांवर बिऱ्हाड लादून, टोपल्या विणत गावामागून गाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती हकिकत. मी ते कॉलेजात असताना वाचलं. तोवर हाकलण्याचे सगळे शब्द मला एकाच बाजूने माहीत होते, काठी ज्याच्या हातात त्याच्या बाजूने. त्या पुस्तकानंतर शब्दकोशातला ‘हुसकणं’ वाचताना मी दोन्हीकडून वाचायला लागलो. पालावरच्या माणसाला पुढचं गाव म्हणजे काय असतं, ते मरीआईने सांगावं.

आता शहरात हाकलणं बिनआवाजाचं झालंय. आमच्या इमारतीत कबुतरांना कुणी ‘हुर्र’ करत नाही. एक मुलगा येतो, दोरीला लोंबकळून बाल्कन्यांना नायलॉनची जाळी लावतो, पैसे घेतो आणि जातो. त्याच्या कार्डावर छापलंय, ‘कबुतरांचा कायमचा बंदोबस्त’. उंदरांचाही बंदोबस्त, वाळवीचाही, आणि मोर्चा निघाला की त्याचाही. हा शब्द मला कधीच आवडलेला नाही. यात समोरच्याला उद्देशून काहीच नाही. ‘हाड’मध्ये निदान कुत्र्याकडे बघावं तरी लागतं. जाळी लावल्यापासून कबुतरं समोरच्या इमारतीच्या सज्जावर बसतात. तिथल्या एका काकूंनी परवा माझ्याकडे जरा रोखूनच पाहिलं.

स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या बायका मात्र अजून जुन्या रीतीने वागतात. संध्याकाळच्या गर्दीत मध्येच कोपऱ्यावरचा लिंबूवाला ओरडतो, ‘गाडी आली!’ अतिक्रमणवाल्यांची. कुणी कुणाला काही विचारत नाही. फडक्याची चार टोकं एकत्र येतात, मेथी, कोथिंबीर आणि वजनं आत गुंडाळली जातात, आणि सगळा बाजार समोरच्या बोळात शिरतो. गाडी सावकाश येते. माणसं उतरतात, मागे राहिलेली एखादी पाटी किंवा तराजू वर टाकतात, मोबाइलवर फोटो काढतात. रस्ता मोकळा झाल्याचा पुरावा. गिऱ्हाइकं तिथेच उभी असतात, कुणाच्या हातात सुटे पैसे, कुणाच्या हातात अर्धी भरलेली पिशवी. गाडी सिग्नलपर्यंत पोहोचते न पोहोचते तोच बोळातून पहिलं गाठोडं बाहेर येतं. त्या दिवशी माझ्यापुढची बाई परत आली, आपल्या नेहमीच्या फरशीवर फडकं पसरून बसली, मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं आणि दम खात म्हणाली, “हां काका, दोन म्हणालात की तीन?”